जुना गेम, भाड्याचा गेम आणि चोरीचा गेम

दोन वर्षांची ईदी आणि सुट्टीत मोबाईलच्या दुकानात केलेल्या कामाचे पैसे साठवून माझ्या भाच्याने यंदा प्लेस्टेशन घ्यायचं ठरवलं. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुकानातूनच त्याचा फोन आला, "मामू, डिस्कवाला घेऊ की बिनडिस्कचा?" दोन्ही मशीनमध्ये खेळ तेच, चित्र तेच. फरक इतकाच की एकात डिस्क टाकायची खाच आहे, दुसऱ्यात नाही. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत होती ४९,९९० रुपये आणि बिनडिस्कच्याची ३९,९९०. म्हणजे त्या एका खाचेचे दहा हजार.

मी म्हटलं, डिस्कवाला घे, जुने गेम घेऊन खेळता येतील, खेळून झाले की विकता येतील. संध्याकाळी आपाचा फोन आला. तिचा प्रश्न वेगळाच होता. "हे सेकंडहँड गेम म्हणजे चोरीचा माल नाही ना? तसलं काही घरात नको."

तिचा प्रश्न उगाच आलेला नव्हता. गेल्या वर्षी भाच्याने आणि त्याच्या मित्राने मिळून मित्राच्या मशीनसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरून नऊशे रुपयांत एक गेम 'घेतला' होता. दोन महिन्यांनी तो उघडेना आणि विकणाऱ्याचा नंबर बंद. पोराला वाटलं आपण फसलो. आपाला वाटलं, फसलो ते ठीक, पण आपण घेतलं काय होतं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून तिने मला विचारलं. मी लगेच "नाही गं, चालतं" असं म्हणून टाकलं. नंतर लक्षात आलं की हे उत्तर मी स्वतःलाही कधी नीट दिलेलं नाही.

आधी माझा हिशेब सांगतो. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचं आठ बिटचं मशीन होतं. त्याच्या कार्ट्रिजला आम्ही 'कॅसेट' म्हणायचो. गल्लीत पाच-सहा घरांत ही मशीन होती आणि कॅसेट सगळ्यांच्या सगळीकडे फिरायच्या. एका कॅसेटवर '९९९९ गेम' लिहिलेलं असायचं आणि आत खरे वीस-पंचवीस. ते मशीनही नक्कल आणि कॅसेटही नक्कल, हे कळायला मला इंजिनिअरिंगला जावं लागलं. तिथे वसतिगृहात चिप बसवलेला प्लेस्टेशन २ होता आणि खोलीत डीव्हीडी रायटर. मी गेमच्या प्रती काढून तीस-तीस रुपयांना मुलांना विकल्या आहेत. दोन सेमिस्टर. मेसचे वरचे पैसे त्यातून निघायचे. पकडलो असतो तर काय झालं असतं हा विचार मनात यायचा, पण हे चूक आहे का, हा विचार यायचा नाही. कारण मूळ गेमची किंमत आमच्या महिन्याच्या खर्चाइतकी होती आणि बनवणारे कुठे तरी जपान-अमेरिकेत होते.

त्याच काळात मी दर सेमिस्टरला अप्पा बळवंत चौकात जाऊन जुनी पुस्तकं घेत होतो. अर्ध्या किमतीत घ्यायची, परीक्षा झाली की पुन्हा तिथेच विकायची. ज्या प्राध्यापकांनी ती पुस्तकं लिहिली, त्यांना माझ्या खरेदीतून एक रुपया मिळत नव्हता. तरीही त्या व्यवहाराला चोरी म्हणावं असं कुणालाच वाटलं नाही, लेखकांनाही नाही. आणि झेरॉक्सच्या दुकानात अख्खं पुस्तक काढून आणलं तर मात्र आम्हालाही थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. लेखकाला दोन्हीकडून शून्यच मिळत होतं. मग फरक कशात होता?

जुनं पुस्तक मी घेतलं की ते विकणाऱ्या मुलाच्या कपाटातून गेलेलं असतं. झेरॉक्समध्ये त्याच्याही कपाटात पुस्तक आणि माझ्याही. गेमच्या बाबतीत मला एवढीच कसोटी पटते. पैसे एका प्रतीचे दिले असतील तर एका वेळी एकाच घराने खेळावं. प्रत हात बदलते आहे की प्रत वाढते आहे, हे बघायचं. 'बनवणाऱ्याला माझ्याकडून काही मिळालं का' हा प्रश्न दिसायला जास्त नैतिक वाटतो, पण तो प्रश्न आपण जुन्या सायकलीला, जुन्या शिलाई मशीनला, जुन्या घराला कधी विचारत नाही. माझ्या अब्बांनी घरातली निम्मी अवजारं जुन्या बाजारातून बुधवारी किंवा रविवारी आणली आहेत. त्यातलं एकही चोरीचं नसावं म्हणून ते विकणाऱ्याला दहा प्रश्न विचारायचे, पण कारखानदाराचं काय होईल याची चिंता त्यांनी कधी केली नाही. कारखानदाराला त्याचे पैसे पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेले होते.

डिस्क या कसोटीला उतरते, आणि ती तशी बनवलेलीच आहे. आजकाल गेम डिस्कवरून मशीनमध्ये पूर्ण उतरवला जातो, पण तरी खेळताना डिस्क आत असावीच लागते. ती विकली की आपल्या मशीनमधला गेम निकामी. म्हणजे एक प्रत, एक घर हा नियम कंपनीनेच यंत्रात घालून ठेवला आहे.

आता भाच्याचा नऊशेचा गेम. हा धंदा समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे तो जोरात चालतो. विकणारा एक खातं उघडतो आणि त्यावर पूर्ण किमतीला एक डिजिटल गेम घेतो. घरातल्या भावंडांना खेळता यावं म्हणून कंपनीने सोय ठेवली आहे, की एक मशीन त्या खात्याचं 'मुख्य' ठरवलं तर त्यावर घरातलं कुणीही खेळू शकतं आणि खातेदार स्वतः दुसऱ्या मशीनवरही त्याच वेळी खेळू शकतो. हा विक्रेता 'मुख्य' जागा एका अनोळखी माणसाला विकतो आणि दुसरी जागा दुसऱ्याला. लोभ सुटला तर दुसरी जागा चौघांना. कंपनीला कळलं की खातं बंद, कारण खातं विकायला तिच्या अटींत परवानगी नाही. 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' असे शब्द वापरून हे इतकं व्यवस्थित विकलं जातं की पोरांना तो जुन्या गेमसारखाच प्रकार वाटतो. तो तसा नाही. तिथे एका प्रतीच्या पैशात दोन-चार घरं एकाच वेळी खेळतात. माझ्या तीस रुपयांच्या डीव्हीडीचाच हा नवा, जरा इस्त्री केलेला अवतार. आपाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मला शंका आली ते बरोबरच होतं." बरोबर होतं. फक्त तिची शंका भलत्या वस्तूवर पडली होती.

कायद्याचं थोडं बोलतो. मी वकील नाही, पण लायसन्सचं काम करताना हे वाचावं लागलं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये पुस्तकाबाबत मालकाला प्रती लोकांपर्यंत आणण्याचा हक्क आहे, पण आधीच चलनात असलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणून अप्पा बळवंत चौक चालतो. संगणक प्रणालीसाठी मात्र शब्द वेगळे होते. त्यात विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा, आणि 'ती प्रत आधी विकली गेली असो वा नसो' अशी पुस्ती जोडलेली होती. ही पुस्ती १९९९ च्या दुरुस्तीत गेली. पुढे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॉफ्टवेअरवरील कराच्या एका मोठ्या प्रकरणात या कलमाचा अर्थ लावला. वस्तुरूपातलं सॉफ्टवेअर विकत घेऊन पुढे विकणारा वितरक या हक्काच्या कक्षेत येत नाही, मालकाचा हक्क प्रती काढून विकण्याशी जोडलेला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. प्रकरण कराचं होतं, गेमच्या दुकानाचं नव्हतं, पण दिशा स्पष्ट आहे.

जपानमध्ये तर थेट गेमवरच भांडण झालं. गेम म्हणजे एक प्रकारचा चित्रपट, आणि चित्रपटाच्या वितरणावर निर्मात्याचा ताबा असतो, म्हणून जुने गेम विकायला आमची परवानगी लागेल, असा कंपन्यांचा दावा होता. एप्रिल २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गेम चित्रपटासारखा आहे हे मान्य, पण घरात खेळायला विकलेल्या प्रतीवरचा ताबा पहिल्या विक्रीतच संपतो.

भाड्याचं प्रकरण अवघड आहे आणि इथे माझं मन आणि कायदा एका जागी नाहीत. शहरात काही दुकानं हजार-दीड हजार डिपॉझिट ठेवून आठवड्याने डिस्क देतात. माझ्या कसोटीला हे उतरतं, कारण डिस्क एका वेळी एकाच घरात असते. पण आपल्या कायद्यात संगणक प्रणाली व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क स्वतंत्रपणे मालकाकडे ठेवला आहे. अमेरिकेने १९९० मध्ये सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी घातली, कारण लोक एका रात्रीत प्रत काढून परत करत, पण कन्सोलच्या गेमना त्यातून सूट दिली, कारण कार्ट्रिजची प्रत घरी काढता येत नव्हती. आपल्या कायद्यात अशी सूट नाही. एक डिस्क पन्नास घरांत पैसे घेऊन फिरली आणि त्यातला एक पैसाही बनवणाऱ्याकडे गेला नाही, तर त्याची तक्रार मला अगदीच खोटी वाटत नाही. छोटा, आठ-दहा तासांत संपणारा गेम असेल तर भाड्याने त्याचं खरंच नुकसान होतं. म्हणून मी भाच्याला म्हटलं, जुना गेम घे, भाड्याचा राहू दे. हे मी जरा कुरकुरतच म्हटलं, कारण आठवड्याला दोनशे रुपयेच देऊ शकणाऱ्या मुलाला 'राहू दे' म्हणणं मला आता सोपं जातं.

पण याच कायद्यात एक खिडकी आहे आणि तिच्याकडे आपण बघितलेलंच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने 'व्यावसायिक भाडे' याची व्याख्या घातली. ना-नफा ग्रंथालयाने किंवा ना-नफा शैक्षणिक संस्थेने कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत नफ्याच्या हेतूशिवाय भाड्याने किंवा उसनी दिली, तर ते व्यावसायिक भाडं ठरत नाही. त्यात संगणक प्रणालीचा उल्लेख नावासकट आहे. आपल्या वस्त्यांत अभ्यासिका आहेत, सार्वजनिक वाचनालयं आहेत, जमातींनी चालवलेल्या लायब्ऱ्या आहेत. तिथे कपाटात वीस डिस्क ठेवून, पुस्तकासारखी नोंद करून घरी द्यायला काय हरकत आहे? "पोरं अभ्यास सोडून खेळतील" हे उत्तर मला माहीत आहे. एकेकाळी कादंबऱ्यांबद्दलही हेच म्हणत. आणि ती पोरं खेळतातच आहेत, फक्त फोनवर, जिथे गेम फुकट असतो आणि हत्यारं, कपडे, नाणी विकत घ्यायला लावून खिसा रिकामा केला जातो. एकदा पैसे देऊन पूर्ण मिळणारा, शेवट असलेला गेम त्यापेक्षा किती तरी प्रामाणिक वस्तू आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. 'हेवी रेन' हा गेम २०१० मध्ये आला. तो बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीचे सह-सीईओ गियोम द फोंदोमिएर यांनी पुढच्या वर्षी हिशेब मांडला. प्रती विकल्या गेल्या सुमारे वीस लाख, पण खेळणाऱ्यांची नोंद तीस लाखांवर. जुन्या प्रतींमुळे आपलं पन्नास लाख ते एक कोटी युरोंचं मानधन बुडालं, असं त्यांचं म्हणणं होतं. आकडा बोलका आहे. पण या हिशेबात असं धरलंय की ते दहा लाख लोक जुनी प्रत मिळाली नसती तर नवी घेणारच होते. मी माझ्यावरून सांगतो, बहुतेकांनी घेतली नसती. शिवाय वीस लाखांतल्या कित्येकांनी पूर्ण किंमत दिली ती नंतर विकून निम्मे सुटतील या भरवशावर. भाचा ४,९९९ चा गेम घ्यायचा विचार तरी करू शकतो, कारण त्याच्या डोक्यात तो अडीच हजारांचा आहे. गेम बहुधा फार महाग आहेत, हेही त्याच फोंदोमिएर यांनी तेव्हा मान्य केलं होतं.

आणि जुन्या बाजाराने छोटे लोक मरतात हा मुद्दा तर आता टिकतच नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम २०२० मध्ये आणला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. अशा छोट्या स्टुडिओंचे गेम मुख्यतः डाउनलोडवरच विकले जातात, ते जुन्या बाजारात येतच नाहीत. त्यांना आम्ही पूर्ण पैसे द्यावेत. मी 'राजी' नवा घेतला आणि ते मला योग्य वाटतं. हजारो माणसं राबवून बनवलेल्या, पहिल्या आठवड्यात खर्च वसूल करणाऱ्या गेमची डिस्क मी जुनी घेतो, तेही मला योग्य वाटतं.

जुन्या गेमवर घाव घालायचा उघड प्रयत्न एकदा झाला. जून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनचे नियम जाहीर केले. मशीनला दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी द्यावी लागणार होती. मित्राला गेम द्यायचा तर एकदाच, आणि तोही तीस दिवस यादीत असलेल्या मित्राला. लोक इतके खवळले की सोनीने एक छोटीशी चित्रफीत काढली. तिच्यात एक अधिकारी दुसऱ्याच्या हातात गेमचा डबा देतो, बस, झाला गेम शेअर. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले.

तेव्हा जे हुकमाने झालं नाही ते आता सवलतीने होत आहे. बिनडिस्कचं मशीन भारतात आलं तेव्हा दहा हजारांनी स्वस्त होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महागड्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तर खाच नाहीच, ड्राइव्ह वेगळा विकत घ्या. त्याच सोनीने. आता रागवायला समोर कुणी नाही, कारण कुणी काही हिरावून घेतलेलं नाही, आपणच दुकानात स्वस्तातलं निवडलं. आणि निवडणारा कोण? ज्याला हा फरक जड आहे तो. ज्याला जुन्या बाजाराची सर्वांत जास्त गरज, तोच स्वस्ताईपायी जुन्या बाजाराबाहेर पडतो. मग पुढची चार वर्षं एकाच दुकानाच्या भावाने गेम घेतो आणि एकही विकू शकत नाही. चार गेममध्ये तो फरक फिटला असता, हे त्याला कुणी सांगत नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, की ग्राहकाला खरोखर मालकी मिळत नसेल, फक्त परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असं बटण दाखवायचं नाही. आपल्याकडे अजून सगळीकडे 'खरेदी'च आहे. डिस्कही सर्व काही वाचवत नाही म्हणा. २०१४ चा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम, त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या हाती तबकडी उरली. त्यावरून युरोपात सुरू झालेल्या नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

हे सगळं मी बाहेरून बोलत नाही, हे मला सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी मी एका कंपनीत लायसन्स तपासणाऱ्या मॉड्यूलवर होतो. आमचं सॉफ्टवेअर एका यंत्रासोबत विकलं जायचं आणि पहिल्या मालकाच्या नावाला बांधलेलं असायचं. एका छोट्या वर्कशॉपवाल्याने ते यंत्र जुनं घेतलं होतं, पावतीसकट. सॉफ्टवेअर चालेना म्हणून त्याने तक्रार केली. नव्या लायसन्सची किंमत त्याने यंत्राला दिलेल्या पैशांपेक्षा जास्त होती. ती तक्रार माझ्याकडे आली. मी तपासलं, कोड बरोबर होता, माझाच होता. 'ठरल्याप्रमाणे चालतंय' असा शेरा मारून मी ती बंद केली आणि जेवायला गेलो. नाव हस्तांतरित करायचं बटण लिहायला दोन दिवस पुरले असते. ते लिहू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते लिहूया असं मी कधी विचारलंच नव्हतं.

डिजिटल गेम एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्याकडून गेला, दुसऱ्याकडे आला, एक प्रत एक घर. डिस्क जे अडाणीपणाने करते तेच. अवघड आहे ते फक्त त्यातून कुणाचा तोटा होतो हे.

भाच्याने शेवटी डिस्कवाला घेतला, आपाने वरचे सहा हजार घातले. तिची एक अट होती, जुना गेम ज्या दुकानातून घेशील त्याची पावती हवी. दुकानदार हसला, पण त्याने पावती दिली. महिन्याने भाच्याने पहिला गेम संपवून त्याच दुकानात विकला, चारशे रुपये कमी आले. डबा देताना त्याने ती पावतीही आत ठेवली होती.